वरच्या मजल्यावरची धुरी

विनया तगारेला कशाचीच किळस येत नाही, असं तिच्या माहेरी मिरजेत सगळे म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लग्न होऊन ती चंदीगडला आली, कामापुरती हिंदी शिकली, एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये चिकटली आणि तिथलीच होऊन गेली. सकाळी लॅबच्या खिडकीशी लोक डब्या आणून ठेवतात. कुणाची लघवी, कुणाचा शौचाचा नमुना, कुणा म्हाताऱ्याचा खाकरून काढलेला कफ. नवी शिकाऊ पोरं पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतात आणि दुसऱ्या दिवशी मास्कवर मास्क चढवतात. विनया झाकण उघडून डबी उजेडाकडे धरायची, रंग बघायची आणि कामाला लागायची. दुपारी हात धुऊन तिथल्याच जिन्यात बसून चवीने डबा खायची. तिच्यासोबत काम करणारा शंकर तिला चिडवायचा, "विनया जी, आपकी नाक रबर की है क्या?"

"आदमी के अंदर से जो निकलता है वो झूठ नहीं बोलता, शंकर," ती म्हणायची. "उसकी क्या घिन करनी?"

अशा या बाईला यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी घरात जेवण जाईना. पहिला घास तोंडाशी न्यायची आणि तसाच ताटात परत ठेवायची. कारण होतं शेजाऱ्याच्या गांजाचा धूर.

विनया आणि तिची मुलगी भार्गवी एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. नवरा सुशांत खताच्या कंपनीत. त्याची बदली जम्मूला झालेली, तो सणावारी यायचा. भार्गवी बारावीला, सेक्टर चौतीसमधल्या क्लासला जाणारी, म्हणून मायलेकी इथेच राहिल्या. खाली मालकीण हरजीत आंटी एकट्या, मुलं कॅनडात. वरच्या मजल्यावर जिना चढलं की एक बोळ, बोळाच्या एका अंगाला विनयाच्या दोन खोल्या, दुसऱ्या अंगाला एक खोली. बाल्कनी सामाईक, गच्ची सामाईक, आणि आता कळलं की हवासुद्धा सामाईक.

त्या एका खोलीत विक्रम आला तेव्हा विनयाला बरंच वाटलं होतं. पंचकुल्याच्या कुठल्याशा बड्या अधिकाऱ्याचा मुलगा, मोहालीच्या आयटी कंपनीत नोकरी, कामही बहुतेक घरूनच. जाता-येता आंटींच्या पाया पडायचा, त्यांची औषधं आणून द्यायचा, गुरुद्वाऱ्यात गाडीने सोडायचा. विनयाला दीदी म्हणायचा. सभ्य दिसणाऱ्या माणसाचं हे एक बरं असतं, त्याच्या दारातून काय वाट्टेल ते बाहेर आलं तरी लोक आधी दुसऱ्याच्या दाराकडे बघतात.

वास पहिल्यांदा आला तो न्हाणीघराच्या झरोक्यातून. जळका पाला, त्यात काहीतरी कुजकं, गोडसर, घशाला धरून बसणारं. विनयाने झरोक्याला पुठ्ठा लावला. मग तो दाराखालून यायला लागला. तिथे तिने जुन्या साडीची सुरळी खुपसली. मग ऊन वाढलं, कूलर लावायची वेळ झाली आणि सगळंच हातचं गेलं. कूलर मागच्या खिडकीत, त्याला लागून विक्रमची खिडकी. कूलरचं कामच मुळी बाहेरची हवा ओढून आत फेकायचं. तो इमानेइतबारे विक्रमच्या खिडकीतला धूर ओढायचा, ओल्या गवतातून गार करायचा आणि मायलेकींच्या तोंडावर सोडायचा. कूलर बंद करावा तर चंदीगडचा उन्हाळा, भिंतीला हात लावला तर चटका बसावा असा. चालू ठेवावा तर शेजाऱ्याच्या फुप्फुसातून निघालेलं आपल्या फुप्फुसात. दुसऱ्याने चोथा करून थुंकलेलं आपण चावतोय, असं विनयाला वाटायचं. ते मनात आलं की तोंडात पाणी सुटायचं, पण ते ओकारीच्या आधीचं पाणी.

वास चादरींत मुरला, उशांत मुरला. विरजलेल्या दह्याला तो लागला. विनयाने ते दही मोरीत ओतलं आणि मोरी घासून काढली. एका सकाळी कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला गेली तर मातीत चार-पाच थोटकं खोचलेली, लाळेने भिजून फुगलेली, एकाला कागदाचं पिवळं टोक. त्याच झाडाची पानं ती रोज फोडणीत टाकत होती. तिने चिमट्याने थोटकं उचलली, मग चिमटा टाकून दिला, मग कुंडीच उचलून खाली कचऱ्याच्या गाडीत घातली. दिवसभर माणसांचे कफ हाताळणारी बाई चार थोटकांपायी साबणाने कोपरापर्यंत हात धूत बसली.

तिने दार वाजवलं. विक्रमने उघडलं. डोळे तांबारलेले, तोंडात च्युइंगम, केस नीट विंचरलेले.

"विक्रम, ये धुआं हमारे घर में आता है. मेरी लड़की पढ़ती है."

"आपको भी आता है, दीदी?" त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "मैं तो खुद परेशान हूं. पीछे पार्क में लड़के बैठते हैं न, पक्का वही होंगे."

आणि हे बोलताना त्याच्या पाठीमागे निळसर थर पंख्याखाली फिरत होता. विनयाच्या डोक्यात तिडीक गेली. खोटं बोलावं तर निदान दार तरी ओढून घ्यावं.

ती आंटींकडे गेली. आंटींनी सरबत दिलं, गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "विक्रम? ना बेटा ना. वो तो मेरे सामने चाय भी पूछ के पीता है." ती सुशांतला फोनवर बोलली. सुशांत म्हणाला, "जमवून घे गं. पोरीच्या बारावीच्या वर्षात कुठे घर शोधतेस? आणि पोलिसात वगैरे जाऊ नकोस, परमुलखात नसती भानगड." जम्मूच्या मोकळ्या हवेत बसून जमवून घे म्हणायला काय जातंय. विनयाने फोन ठेवला आणि त्याच्या वाटणीचंही स्वतःशीच बडबडून घेतलं.

शेवटी तिने आपल्या आईचा उपाय काढला. मिरजेच्या घरी तिन्हीसांजेला ऊद घालत. धुपाटण्यात निखारा, त्यावर ऊद, जरा गुग्गुळ, आणि तो धूर घरभर कानाकोपऱ्यांत फिरवायचा. बाळंतिणीला धुरी, बाळाला धुरी, न्हालेल्या पोरींच्या ओल्या केसांना धुरी. चंदीगडात विनयाने ते सणापुरतंच ठेवलं होतं. आता रोज सुरू केलं. गॅसवर नारळाची करवंटी पेटवायची, लाल झाली की धुपाटण्यात टाकायची, दोन्ही खोल्यांत फिरवायची, मग बोळात, मग जिन्याच्या तोंडाशी थोडा वेळ ठेवायची. धुराला धुराने हाकलायचं. निदान जो वास नाकात जातो तो आपल्या घरचा असावा.

भार्गवीचे केस लांब आणि दाट. वास सगळ्यात आधी केसांत बसतो. एकदा क्लासमध्ये मागच्या बाकावरच्या निधीने तिला विचारलं होतं, तेरे बालों से ये कैसी स्मेल आती है. भार्गवी घरी येऊन रडली होती. तेव्हापासून रोज सकाळी क्लासला निघायच्या आधी धुरी ठरलेली. भार्गवी पलंगावर उताणी पडून मान कडेला सोडायची, केस खाली लोंबत, आणि विनया जमिनीवर बसून त्यांच्याखाली धुपाटणं धरायची. बोटांनी केस मोकळे करत राहायची.

"आई, लोग समझेंगे किसी मंदिर से आई हूं," भार्गवी डोळे मिटून म्हणायची. लहानपणापासून तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"समजू देत की मग. देवळातनं आलेली बरी का तिकडच्या खोलीतनं आलेली?"

भार्गवी हसायची. क्लासचं, मैत्रिणींचं, सरांच्या नकलांचं सगळं बोलणं त्या वेळात व्हायचं. त्या घाणेरड्या उन्हाळ्यात तेवढी एक वेळ स्वच्छ होती. विनया मनात म्हणायची, त्या मेल्याने एवढं तरी दिलं.

मग एका संध्याकाळी आंटींनी तिला खाली बोलावलं. सरबत नव्हतं. आंटी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"बेटा जी, बुरा ना मानना. ये जो तुम रोज धूप जलाती हो, किसलिए?"

विनयाने सांगितलं. आंटींनी मान हलवली, पण ऐकल्यासारखी नाही.

"मैंने इतने साल किरायेदार रखे हैं. जो लड़का नशा करता था, वो कमरे में सबसे पहले अगरबत्ती लाता था. स्मेल छुपाने को. और तुम तो सीढ़ियों तक धुआं करती हो." त्यांनी दुपट्ट्याचं टोक सोडलं. "विक्रम भी कह रहा था. वो कहना नहीं चाहता था, मैंने ही पूछा. कहता है दीदी तो दिन भर काम पर होती हैं, लड़की अकेली रहती है. आपने उसकी आंखें देखी हैं, लाल-लाल?"

विनयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या धुराने आपली पोर डोळे चोळते, त्याच धुराचा मालक तिच्या डोळ्यांवर बोट ठेवतो. तिच्या हिंदीची पार चाळण झाली. तिने आंटींना सांगितलं की माझी पोर सोन्यासारखी आहे, तिचं नाव तोंडातनं काढायचं नाही, आणि त्या विक्रमला आणून उभा करा माझ्यासमोर. आंटी म्हणाल्या, "महीने के आखिर तक सोच लो. मैंने घर का नाम भी देखना है."

विनया तणतणत जिना चढली. पण अर्ध्या जिन्यावर तिने कठड्याला हात टेकला. डोळे लाल असतात, हे खरंच होतं. संध्याकाळ झाली की भूक भूक करते, हेही खरं, आणि गांजाने भूक वाढते म्हणतात. दुपारची झोपते, विचारलं तर तुटक बोलते. दप्तर कुणाला हात लावू देत नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. शंका कुठून आली हे विनयाला पक्कं माहीत होतं. ती विक्रमच्या तोंडातून निघाली होती, आंटींच्या तोंडातून फिरून आली होती, आणि आता तिच्या डोक्यात धुरासारखी भरली होती. झरोक्याला पुठ्ठा लावता येतो, दाराला सुरळी लावता येते. हिला कुठे काय लावणार.

दुसऱ्या दिवशी धुरी देताना विनयाने भार्गवीचे केस ओंजळीत घेतले आणि ऊद लागायच्या आधी नाकाशी नेऊन हुंगले. वास होता. तो कूलरचा होता, उशीचा होता, तिच्या स्वतःच्या केसांनाही होता. तरी ती दुसऱ्यांदा हुंगायला वाकली.

"क्या कर रही हो?" भार्गवीने डोळे न उघडता विचारलं.

"गुंता बघतेय," विनया म्हणाली.

त्या आठवड्यात ती एकदा लवकर घरी आली. गच्चीवर कपडे काढायला गेली तर टाकीच्या सावलीत भार्गवी आणि विक्रम बोलत उभे. आईला बघून भार्गवीने दोरीवरचे कपडे भराभर ओढायला सुरुवात केली. विक्रमने हसून नमस्कार केला. "कुछ नहीं आई, ऐसे ही," भार्गवी म्हणाली. ऐसे ही. विनयाला त्या शब्दाचा इतका राग आला की खाली येऊन तिने भाजी जाळली.

विचारायचं होतं. सरळ समोर बसवून, बाई गं, खरं काय ते सांग, एवढंच विचारायचं होतं. पण माणूस खोटं बोलतं. आणि विनया आयुष्यभर खोटं न बोलणाऱ्या डब्यांवर विश्वास ठेवत आलेली. लॅबमध्ये नोकरीला लागणाऱ्या पोरांची नशेची तपासणी होते. लघवीचे थेंब एका चपट्या पट्टीवर टाकायचे. रेघ उमटली तर माणूस स्वच्छ, नाही उमटली तर नाही. त्यात काय विचारायचं आणि काय रडायचं.

तिने लॅबमधून दोन डब्या आणल्या. एक सांडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून दोन द्यायच्या, ही लॅबवाल्यांची सवयच असते.

"तुला फार थकवा येतोय हल्ली. लघवी तपासून घेऊ, इन्फेक्शन नसेल ना," तिने सांगितलं.

"चलो, पूरे शहर का कर लिया, अब मेरा भी कर लो," भार्गवी हसत म्हणाली. सकाळी तिने डबी भरून आणून दिली. वर चिठ्ठी चिकटवून गोल, नीट अक्षरात नाव लिहिलेलं. दुसरी डबी न्हाणीघरातल्या फळीवर राहिली.

शंकर जेवायला गेलेला बघून विनयाने थेंब टाकले. पट्टीकडे बघायचा धीर होईना, म्हणून ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिली. मग बघितलं. प्रत्येक रकान्यात रेघ होती, लख्ख, गुलाबी. विनयाने पट्टी तुकडे करून लाल कचराकुंडीत टाकली आणि डोळे पुसले. घरी जाताना आंबे घेतले. रस काढला, पुऱ्या तळल्या.

"आज क्या है?" भार्गवीने विचारलं.

"काही नाही, सहज."

"और मेरी रिपोर्ट?"

"सगळं नॉर्मल आहे," विनया म्हणाली आणि तिच्या वाटीत आणखी रस वाढला.

हे इथेच मिटलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं, आणि विनयानेही ते हळूहळू विसरून टाकलं असतं. पण रविवारी सकाळी आंटींनी तिला पुन्हा खाली बोलावलं. व्हरांड्यात विक्रम आधीच बसला होता, हातात चहाचा कप, अंगात इस्त्रीचा शर्ट. आंटींनी सांगितलं की घर सोडावं लागेल. "बच्ची जवान है, गलती हो जाती है, हम किसी को बताएंगे नहीं."

विक्रम पुढे झुकला. आवाजात अगदी मध. "दीदी, इसमें शर्म की बात नहीं. मेरे एक दोस्त का भी इलाज हुआ है. मैं नंबर दे दूंगा."

त्याच्या तोंडाचा वास विनयापर्यंत आला. पुदिन्याचं च्युइंगम आणि त्याच्याखाली तेच, कुजकं, गोडसर. मग तिला कशाचं भान राहिलं नाही.

"मेरी लड़की का टेस्ट किया है मैंने," ती म्हणाली. "अपने हाथ से. लघवी लेकर. नशे का टेस्ट. सब साफ है. अब इसका करो. मेरे पास डबी पड़ी है, अभी लाती हूं. आंटी जी, आपके बाथरूम में जाने दो इसको, आप दरवाजे पे खड़ी रहो. फिर देखते हैं घर किसने छोड़ना है."

विक्रमचा कप बशीवर वाजला. तो म्हणाला की हे काय भलतंच, ही बेइज्जती आहे, मग म्हणाला की मला एक मीटिंग आहे. रविवारी सकाळी मीटिंग. आंटी त्याच्याकडे बघत राहिल्या. मुलं परदेशी गेल्यावर ज्याला त्यांनी मुलगा मानलं होतं त्याचे तांबारलेले डोळे त्यांना बहुधा पहिल्यांदाच दिसत होते. "करा दे न पुत्तर," त्या हळूच म्हणाल्या. "दो मिनट का काम है." विक्रम उठला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

जिंकल्याचा आनंद विनयाच्या छातीत नुसता उसळला. ती वळली. जिन्याच्या वळणावर भार्गवी उभी होती, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. ती कधीची उभी होती हे विचारायची गरज नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुठल्यातरी अनोळखी बाईकडे बघावं तसं ती आईकडे बघत होती. मग बादली उचलून गच्चीकडे गेली.

विनया तिच्या मागे वर गेली. भार्गवी एकेक कपडा झटकून दोरीवर टाकत होती.

"भार्गवी, ऐक. काळजीपोटी केलं गं मी."

"इन्फेक्शन बोला था."

"तुला वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवशी तू इथे त्याच्याशी बोलत होतीस, मला काय..."

"मैं उसको बोलने आई थी कि बंद कर दे," भार्गवी म्हणाली. "हाथ जोड़े थे मैंने. तुम खाना नहीं खा रही थीं न. तुमको इसलिए नहीं बताया कि तुम फिर उससे झगड़ने जातीं." तिने शेवटचा टॉवेल पिळला. "पूछ लेतीं, आई."



विक्रम त्याच आठवड्यात गेला. त्याचा बाप गाडी घेऊन आला, कुणाशी न बोलता दोन बॅगा भरून घेऊन गेला. आंटींनी खोली उघडली तेव्हा विनया त्यांच्यासोबत होती. गादीवर माणसाच्या आकाराचा तेलकट डाग. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत तपकिरी पाणी आणि त्यात तरंगणारी थोटकं. उशाशी आंटींनीच तुपात भाजून दिलेल्या पंजिरीचा डबा, त्यात राख झटकलेली. आंटी दुपट्टा तोंडाला लावून रडल्या, मग त्यांनी विनयाचे हात धरून माफी मागितली, संध्याकाळी खीर पाठवली. विनयाला त्या खिरीकडे बघवेना. ज्या तोंडाने माझ्या पोरीचं नाव घेतलं, असं तिच्या मनात आलं, आणि पुढचं वाक्य तिने मनातही पुरं केलं नाही. खीर तिने मोरीत ओतली.

खोली धुतली, चुना मारला, कूलरचं गवत बदललं. पावसाळा लागेपर्यंत धूर घरातून निघून गेला. दही दह्याच्या वासाचं लागू लागलं. विनयाने संध्याकाळचा ऊद तेवढा चालू ठेवला. पण भार्गवी आता धुरीसाठी केस सोडून पडायची नाही. न्हाली की गच्चीवर जाऊन वाळवायची. बोलायची सगळं. जेवायला यायची, ताट उचलून ठेवायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. सरांच्या नकला मात्र बंद झाल्या. विनयाने दोनतीनदा चुकलं माझं म्हणायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी वाक्य काळजीवर जाऊन अडकायचं, आणि ती काळजी नव्हती, नुसता संशय होता, हे दोघींनाही माहीत होतं.

एका शनिवारी भार्गवीने विचारलं, पंचकुला निधि के घर पढ़ने जाऊं क्या, शाम तक आ जाऊंगी. विनयाने इतक्या घाईने हो म्हटलं की ते तिच्याच कानाला खोटं वाटलं. कोण कोण असणार, कशाला, कुणाच्या गाडीने, तिने एक शब्द विचारला नाही. दिवसभर फोन केला नाही. ठरवूनच केला नाही.

भार्गवी दिवेलागणीला आली. विनया स्वयंपाकघरात होती. धुपाटण्यात निखारा पडला होता, ओट्यावर दोन कपांत चहा गाळलेला. "आलीस? चहा घे," विनया म्हणाली. फक्त तेवढंच. डोळ्यांकडे बघायचं नाही, जवळ जाऊन वास घ्यायचा नाही, हे तिने सकाळपासून घोकलं होतं, आणि ती खरंच कपाकडे बघत राहिली.

भार्गवीने दप्तर ठेवलं आणि न्हाणीघरात गेली. बाहेर आली ती थेट ओट्याशी. चहाच्या कपांशेजारी तिने एक डबी ठेवली. फळीवर राहिलेली दुसरी डबी. झाकण घट्ट लावलेलं, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर गोल, नीट अक्षरात नाव.

"सोमवार को ले जाना," ती शांतपणे म्हणाली. "फ्रिज में रखना पड़ता है न?"

ती आपला कप उचलून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

विनयाने डबी हातात घेतली. कोमट होती. अशा किती कोमट डब्या या हातांतून गेल्या होत्या, कितींची झाकणं उघडून तिने रंग बघितले होते आणि मग पोटभर जेवली होती. तिने डबी खाली ठेवली, मोरीची कड धरली, आणि तिला भडभडून ओकारी झाली.